हळदीचं बोट

भाऊसो कुरणे आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर म्हणजे साध्या भाषेत शिपाई. फायली पोचवणं आणि चहा सांगणं तर होतंच, शिवाय काचा धुणं, बाटल्या जागेवर लावणं आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली सांभाळणं ही कामंही त्यांच्याचकडे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कोल्हापुरातली चार वजनदार माणसं माझ्या घरी चहाला येतील, आणि मी काही फार धीट माणूस नाही, हे पुढं तुम्हाला कळेलच.

मामा मूळचे गारगोटीच्या बाजूचे. दहावीला गणितात गेले आणि तिथल्याच एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. काळ्या खोलीत उभं राहून लोकांच्या लग्नांच्या फिल्मा धुवायचे. एकोणनव्वद साली संस्थेत रोजंदारीवर आले. बायको ललिता आणि लहानगी संघप्रिया यांना घेऊन सिद्धार्थनगरात खोली केली. "यंदाच्या मार्चला तुला कायम करतो," असं त्यांना दर मार्चमध्ये सांगितलं जायचं. असे अकरा मार्च गेले. संस्थेनं त्यांच्या कोपराला गूळ लावून ठेवला होता, आणि ते बिचारे मान वळवून वळवून बघत होते.

सत्त्याण्णव साली जर्मनीहून तो सूक्ष्मदर्शक आला. त्या काळात पुण्याच्या खाली असं यंत्र कुणाकडं नाही, असं आमचे इंगवले सर अभिमानानं सांगायचे. गणपतराव इंगवले हे माझे मार्गदर्शक, संस्थेचे कर्तेधर्ते. यंत्र शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर तीन दिवस आला होता. सर पहिल्या तासाला उठून गेले. मला निम्मं कळलं. पाण्याचे ग्लास घेऊन दाराशी उभे असलेल्या मामांना सगळं कळलं.

त्या यंत्रात पाऱ्याच्या वाफेचा एक दिवा होता. एकदा विझला की अर्धा तास परत पेटवायचा नाही, नाहीतर काच फुटून पारा खोलीभर. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. मामांनी एक वही घातली होती. दिवा किती वाजता पेटला, किती वाजता गेला, एकूण किती तास जळला, सगळं सुवाच्य अक्षरात. नमुन्याच्या थेंबावर पातळ काच ठेवताना आमच्या हातून हमखास बुडबुडा राहायचा. मामा ती काच एका कडेनं अशी अलगद सोडायचे की बघत बसावं. काळ्या खोलीतला हात होता तो.

मी काय करत होतो तेही सांगतो. बहुवारिक म्हणजे पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळीसारखा रेणू. आमच्या साखळीचं एक टोक पाण्याला धार्जिणं आणि दुसरं पाण्याला भिणारं. तो आधी एका द्रावकात विरघळवायचा आणि मग थेंबाथेंबानं पाण्यात सोडायचा. जोतिबाच्या जत्रेत चुकलेली एका गावची माणसं जशी एकमेकांना हुडकून टोळकं करतात, तशी भिणारी टोकं एकमेकांना बिलगतात आणि आपोआप बारीक धागे तयार होतात. कुणी विणत नाही, कुणी जोडत नाही. ते धागे इतके बारीक की साध्या उजेडात दिसणं शक्यच नाही. म्हणून त्यांच्यात चमकणारा रंग भरायचा. वरून निळा उजेड टाकला की रंग हिरवा उजेड परत देतो आणि काळ्याभोर पडद्यावर धागे उमटतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. मामांनी डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले, "आयला, देवाची गरजच न्हाय की हितं."

देवाचा विषय निघालाच आहे. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. गावाकडं मी लहानपणापासून कुळवाला, विळ्याला, विहिरीवरच्या मोटरीला हळदकुंकू लावत आलो. सर म्हणायचे, शेतकऱ्याला जसा कुळव, तसा आपल्याला सूक्ष्मदर्शक. आदल्या दिवशी मामा सगळी प्रयोगशाळा लख्ख पुसून द्यायचे आणि पूजेच्या वेळी व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला आणि घरातले देव वेदगंगेत सोडले. तेव्हापासून त्या घरानं हळदकुंकवाच्या ताटाला हात लावला नव्हता. कुणी आग्रह केला तर मामा भांडत नसत. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणायचे. नंतर पेढा मात्र खायचे. पेढ्याला कसला आलाय धर्म, म्हणायचे.

नव्याण्णवच्या खंडेनवमीला ताट माझ्या हातात होतं. सूक्ष्मदर्शकाला सरांनी लावलं. मग मी सुटलो. तराजूला बोट, फ्रीजला बोट, आणि मग फळीवरच्या तपकिरी बाटल्यांच्या गळ्याला एकेक बोट. ओली हळद, वर कुंकू. कुणी सांगितलं नव्हतं मला. गावाकडची सवय, एकही अवजार उपाशी ठेवायचं नाही. त्यातली एक बाटली माझ्या द्रावकाची होती, आदल्याच दिवशी सील फोडलेली.

दिवाळीनंतर मी एक नमुना रंग न घालता बघितला. नुसता तुलनेसाठी. रंग नाही म्हणजे काळोख दिसायला हवा. पण धागे चमकत होते! फिकट हिरवे, पण स्वच्छ. मी नुसतं पाणी बघितलं, तिथं काळोख. पुन्हा धागे बघितले, पुन्हा हिरवे. म्हणजे आमचा पॉलिमर धागा बनताना स्वतःच चमकत होता, असा त्याचा अर्थ. असं कुणी पाहिलेलं नव्हतं. सरांनी डोळा लावला आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातला की मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.

"मैदान मारलंस गड्या, आकाराम!"

मामा दिव्याची वेळ वहीत लिहीत होते. ते हळूच म्हणाले, "दसऱ्याच्या आधी असंच बिनरंगाचं बघितलंतं सर तुमी. तवा अंधारच हुता की." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आठवडाभरानं मामांनी मला मोरीवर बोलावलं. माझ्या नमुन्यांच्या छोट्या कुप्या धुवायला घेतल्या होत्या. "हे बघा," म्हणाले आणि एका कुपीत सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. तळाशी फिकट पिवळं कडं होतं, डोळ्याला जेमतेम दिसेल असं. ते बघता बघता तांबडं झालं.

"हळद हाय ही सर. आमटीचा डाग साबणानं धुतला की असाच तांबडा हुतो. आमच्या ललिताला इचारा."

मामा फळीकडं गेले, माझी बाटली काढली आणि पांढऱ्या कागदावर धरून तिचा गळा दाखवला. वाळलेल्या हळदीतून एक ओघळ आत गेला होता. ओतताना दर वेळी द्रावक त्या बोटावरून यायचं आणि थोडी हळद घेऊन परत बाटलीत जायचं.

"तेलात हळद कशी उतरती, तशी ही धाग्यात उतरलीया. दुसरी बाटली फोडून एकदा करून बघा की. मला काय कळतंय म्हणा, पर बघा."

मी त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, नवी बाटली फोडून नमुना केला. पॉलिमर तोच, पाणी तेच. सूक्ष्मदर्शकात बघितलं. काळोख. वीस मिनिटं बघत बसलो, काळोखच. मी ती काच काढली, कागदात गुंडाळली, पायाखाली चुरडली आणि कचऱ्यात टाकली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग मी नीट कुलूप लावून, मामांच्या खिळ्यावर किल्ली अडकवून गेलो.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्यादेखत सरांना तांबड्या कड्याचं सांगितलं. सर हसले. "भाऊसो, तू काचा धू. शोध लावायला आम्ही आहोत." तिथं उभे असलेले दोघेतिघे हसले. मीही हसलो.

निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला तेव्हा दोन हजार सालचा जून होता. सरांना फेटा बांधला, मला शाल मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात कोपऱ्यात मामा हाराची पिशवी धरून उभे आहेत. पुढं जपानमधल्या एका प्रयोगशाळेनं कळवलं की आमचे धागे चमकत नाहीत, तुमचा नमुना पाठवा. सरांनी मोठ्या तोऱ्यात पाठवला, आणि अर्थातच जुन्या बाटलीतला. तीन महिन्यांनी सभ्य भाषेतलं पत्र आलं. तुमच्या नमुन्यात हळदीतलं रंगद्रव्य आहे, एवढंच लिहिलं होतं, खाली आलेख जोडला होता. तेच पत्र त्यांनी नियतकालिकालाही पाठवलं होतं.

मग अनुदान देणाऱ्यांनी तीन जणांची समिती पाठवली. फेब्रुवारी दोन हजार एक. माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सहा आठवड्यांवर होती. आणि मामांचा कायम होण्याचा कागद या वेळी खरोखरच टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडला होता, फक्त सही बाकी होती. मीच तो बघितला होता.

समितीच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. दुसरा एक कागद टाइप केलेला होता. परिचर कुरणे यांनी खंडेनवमीस स्वतःहून बाटल्यांची पूजा केली व ही बाब वरिष्ठांपासून लपवली, असा मजकूर.

"सही कर भाऊसो. परिचराची चूक म्हटली की प्रकरण मिटतं. तुला कोण फाशी देणार नाही. उद्या समिती गेली की परवा तुझ्या कायमच्या कागदावर मी सही करतो. माझा शब्द."

मामांनी कागद दोनदा वाचला. "सर, म्या पूजा केली न्हाय. आन् लपवलं तर मुळीच न्हाय. तुमास्नी सांगितलंतं, आकाराम सरांस्नी दाखवलंतं."

"पोरगी यंदा बारावीला आहे ना तुझी?" सर म्हणाले.

"हाय की. तिला काय सांगू, बा हळदीचं बोट लावत फिरतोय म्हणून?"

समितीपुढं मामा उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण कुणी बसा म्हणालं नाही. मी सरांच्या शेजारी बसलो होतो. मामांनी सगळं क्रमानं सांगितलं, अगदी त्यांच्या वहीतल्यासारखं. कुपी, सोडा, तांबडं कडं, बाटलीचा गळा. समितीतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढं झुकून ऐकत होते. त्यांना पटत होतं, हे मला दिसत होतं. शेवटी मामा म्हणाले, "हे आकाराम सर बसल्यात की हितं. ह्यांस्नी इचारा."

त्या गृहस्थांनी मला विचारलं, "काय हो, यांनी तुम्हाला हे तेव्हा दाखवलं होतं?"

हो म्हटलं असतं तर सर बुडाले असते आणि सरांबरोबर मी. सात वर्षं, वडिलांनी गावात वाटलेले पेढे, ठरत आलेलं लग्न. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे काहीच आलं नाही. घाबरलो, एवढंच.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"आणि बाटल्यांना हळद कुणी लावली?"

"त्या वेळी मी तिथं नव्हतो."

मामांनी माझ्याकडं बघितलं असणार. मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडं बघत होतो, त्यामुळं ते कसं बघत होते हे मला सांगता येणार नाही.

सरांनी तो कागद पुन्हा पुढं सरकवला, वर पेन ठेवलं. मामांनी पेन उचलून टोपण लावलं आणि परत ठेवलं. "माझ्या बानं घरातलं देव येदगंगंत सोडलं, तवा सारा गाव दगडं घिऊन दारात आलाता. तरी त्यो हटला न्हाय. आन् मी हितं गार पंख्याखाली हुभारून खोटी सही करू व्हय?" एवढं बोलून ते गेले.

रोजंदारीच्या माणसाला काढून टाकावं लागत नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं की झालं. किल्ली आणि वही त्यांनी नव्या परिचराच्या हातात दिली. दिवा विझल्यावर अर्धा तास थांबायचं, हे त्याला तीनदा सांगितलं. महिन्याभरात त्या पोरानं दिवा फोडला. समितीच्या अहवालात परिचराचा निष्काळजीपणा असं नावासकट आलं, स्वाक्षरीस नकार असा शेराही आला. निबंध मागं घेतला गेला. माझ्या प्रबंधातलं ते एक प्रकरण गळालं, बाकीच्यांवर पदवी मिळाली. सर पुढं सन्मानानं निवृत्त झाले.

मामांना दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेनं दारात उभं केलं नाही. गाव लहान, तोंडं मोठी. ज्यानं आयुष्यात हळदकुंकवाच्या ताटाला हात लावला नाही, त्या माणसाचं नाव कोल्हापुरात "हळदवाला" पडलं. वर्षभर त्यांनी मिळेल ते केलं आणि मग बिऱ्हाड घेऊन इचलकरंजीला गेले, यंत्रमागावर. हे मला बाहेरून कळत होतं. मी तोवर एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि विद्यार्थ्यांना सांगायचो, तुलनेचा नमुना आधी बघा, दुसऱ्या बाटलीतनं करून बघा. हे कुणाचे शब्द, ते सांगत नव्हतो.

दोन हजार सहा साली सर वारले. शोकसभेत मी बोललो. सर सत्यनिष्ठ होते, असंही बोललो. लोकांनी कौतुक केलं. घरी आल्यावर भाषणाचं टिपण मी फाडून टाकलं. दोन दिवसांनी मी रजा टाकून इचलकरंजीची एसटी धरली. समितीपुढं जे बोलायला हवं होतं ते मामांच्या तोंडावर बोलायचं, एवढंच ठरवलं होतं.

शेड शोधायला वेळ लागला नाही. आत चोवीस माग एकदम चालू होते. तो आवाज ऐकलेला नसेल तर सांगून कळायचा नाही, दातांत हादरे बसतात. मामा चार मागांच्या मधल्या बोळात उभे होते. केसांवर, भुवयांवर, मिशीवर कापसाचा भुसा. तुटलेलं सूत जोडत होते. गाठ मारताना तेच ते बोट, अलगद. मला बघितलं आणि लगेच ओळखलं. हसले.

मी अगदी समोर उभा राहिलो. पाठ केलेलंच होतं. "मामा, मी खोटं बोललो. हळद मी लावली होती. तुम्ही मला दाखवलं होतं, मला सगळं आठवत होतं."

मामांनी हात कानामागं धरला. "ऐकू येत न्हाय सर! जोरात बोला!"

शेजारच्या मागांवरची सातआठ माणसं वळून बघायला लागली. मुकादम पलीकडून ओरडला, "हळद्या, कोण रं ह्ये पावणं?" म्हणजे ते नाव इथंवरही पोचलं होतं.

"आमच्या लॅबमधलं सर हायत!" मामा ओरडून म्हणाले. "मोठं सर! कायतरी सांगाय आल्यात!" आणि माझ्याकडं वळून थांबले. कानामागचा हात तसाच.

सगळे बघत होते. मी छाती भरून श्वास घेतला.

"तब्येत कशी हाय म्हटलं, मामा!" मी ओरडलो.

मामांनी हात खाली घेतला. "बरी हाय," म्हणाले, आणि तुटलेलं दुसरं सूत शोधायला वळले.

दारात एक मुलगी डबा घेऊन आली होती. नाकडोळ्यांवरून मी ओळखलं, संघप्रिया. बी.एस्सी. झाली होती, शिकवण्या घेत होती. डबा आत देऊन ती मला स्टँडचा रस्ता दाखवायला निघाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामांना ऐकायला फार कमी येतं का गं आता? मागांच्या आवाजानं?"

ती चकित झाली. "नाही हो सर. तिथं ओरडल्याशिवाय कुणालाच काही ऐकू येत नाही. मागावरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. बाबांना तर चार माग पलीकडचा माणूस काय म्हणतोय तेही कळतं. तुम्ही समोर उभं राहून बोललात ना? मग त्यांना सगळं कळलं असणार."

म्हणजे मामांना माझा पहिला शब्दच कळला होता. त्यांना तो त्या माणसांसमोर, मोठ्यानं, त्यांच्या नावाची हळद धुऊन निघेल असा हवा होता.

शेड जेमतेम शंभर पावलं मागं होती. मागांचा आवाज रस्त्यावरही येत होता. संघप्रियानं विचारलं, "काय सांगायला आला होतात सर?"

"सहज आलो होतो," मी म्हणालो. कोल्हापूरची गाडी लागलेली होती, मी तिच्यात जाऊन बसलो.